पावलीचा नेम

आरोग्यासंबंधीं आमच्या सुशिक्षित घरांत ज्ञानाची टंचाई आहे, असें म्हणण्याचें धाडस आज कोणी करणार नाहीं. साखर किती वाईट, मीठ किती घातक, चालणें किती हितकर, हें घरांतल्या आजीपासून नातवापर्यंत सर्वांस सारखेंच ठाऊक असतें. किंबहुना चहांत दुसरा चमचा साखर घालतां घालतां साखरेच्या दुष्परिणामांवर सुरेख व्याख्यान देणारे गृहस्थ वाचकांच्याही परिचयाचे असतील. उणीव आहे ती ज्ञानाची नव्हे, तर तें ज्ञान अंगीं मुरविण्याच्या युक्तीची. म्हणून काय खावें आणि कोणता व्यायाम करावा यांची नवी यादी आम्ही या महिन्यांत देणार नाहीं. जें करावयाचें म्हणून एकदां ठरलें, तें दोन महिन्यांनंतरही चालूं कसें राहील, एवढ्याच प्रश्नाचा विचार करूं.

गुढीपाडवा, इंग्रजी वर्षाचा पहिला दिवस आणि रक्ततपासणीचा अहवाल हातीं पडतो तो दिवस, हे तीन आपल्या समाजांतले संकल्पाचे मुहूर्त होत. त्या दिवशीं नवे बूट येतात, व्यायामशाळेची वर्षाची वर्गणी एकरकमी भरली जाते, साखरेचा डबा स्वयंपाकघरांतून हद्दपार होतो आणि भाताचें नांव काढावयाचें नाहीं असा हुकूम सुटतो. पहिला आठवडा उत्साहाचा, दुसरा अभिमानाचा, तिसरा कुरकुरीचा आणि चौथा सबबींचा. पांचव्या आठवड्यांत पाहुणे येतात, सहाव्यांत मुलांच्या परीक्षा येतात. बूट माळ्यावर जातात आणि साखरेचा डबा हद्दपारीची मुदत संपल्याप्रमाणें मुकाट्यानें आपल्या जागीं परत येतो. अशा माणसास आपण आरंभशूर म्हणतों आणि त्याच्या इच्छाशक्तीवर खापर फोडून मोकळे होतों. हा निवाडा आम्हांस मान्य नाहीं. दोष इच्छाशक्तीचा थोडा आणि संकल्पाच्या मापाचा फार, असें आमचें मत आहे.

विषयाची सुरुवात थोड्या विनोदानें केली, तरी विषय विनोदाचा नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आश्रयाखालीं झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. भारतांत सुमारें १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह असावा, आणि आणखी सुमारें १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे असावेत, असा त्यांतील अंदाज आहे. उंबरठ्यावरच्या माणसास परत फिरतां येतें, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट. अमेरिकेंत अशाच लोकांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचा वृत्तान्त २००२ सालीं प्रसिद्ध झाला. आहार सुधारून वजन सुमारें सात टक्के उतरविणें आणि आठवड्यास दीडशें मिनिटें व्यायाम करणें, एवढें ध्येय ठेवलेल्या लोकांत मधुमेह जडण्याचें प्रमाण ५८ टक्क्यांनीं घटलें. आपल्याकडे चेन्नईच्या वैद्यांनीं केलेल्या प्रयोगांतही, २००६ च्या वृत्तान्ताप्रमाणें, सुमारें २८ टक्के घट आढळली. म्हणजे उपाय आहे, तो स्वस्त आहे आणि तो घरांतच आहे. अडचण एवढीच, कीं तो रोज करावा लागतो.

रोज करावयाच्या गोष्टी अंगवळणीं कशा पाडाव्यात, याचा विचार आपल्या प्राचीन वैद्यांनीं मोठ्या बारकाईनें केला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सातव्या अध्यायांत याविषयीं जो उपदेश आहे, त्याचा मथितार्थ असा: जें अहितकर असूनही अंगवळणीं पडलें आहे, तें एकदम टाकूं नये, चतुर्थांशाच्या मापानें टाकावें, आणि तितक्याच मापानें हितकर वस्तु त्याच्या जागीं आणावी. प्रत्येक पायरीनंतर एक, दोन, तीन दिवस असें वाढतें अंतर ठेवावें. अशा क्रमानें घालविलेले दोष पुन्हां परतत नाहींत आणि अशा क्रमानें मिळविलेले गुण ढळत नाहींत, अशी ग्वाहीही चरकानें दिली आहे. वाग्भट तर आणखी उदार. चतुर्थांशही ज्यास जड वाटेल त्यानें चतुर्थांशाचा चतुर्थांश, म्हणजे सोळावा हिस्सा, सोडावा अशी सवलत त्यानें अष्टाङ्गहृदयांत ठेवली आहे. सोळाव्या हिश्शाचा संकल्प मोडण्याइतका दुबळा मनुष्य सांपडणें कठीण!

जुन्या पिढींत चार आण्यांच्या नाण्यास पावली म्हणत. २०११ सालीं तें नाणें चलनांतून गेलें. परंतु आरोग्याच्या व्यवहारांत ती पावली आम्हांस पुन्हां चालूं करावीशी वाटते. या उपदेशांतला मर्माचा भाग असा, कीं येथें नुसतें सोडणें नाहीं, बदलणें आहे. आपले संकल्प बहुधा निषेधाचे असतात. हें खाणार नाहीं, तें खाणार नाहीं. ताटांत पोकळी राहते, पोटांतही राहते, आणि अपरात्रीं फरसाणाचा डबा ती पोकळी भरून काढतो. जी पावली काढली तिच्या जागीं दुसरी पावली ठेवा, म्हणजे मन तक्रार करीत नाहीं. येथें एक अपवाद सांगून ठेवणें अवश्य आहे. डॉक्टरांनीं एखादी वस्तु तात्काळ वर्ज्य सांगितली असेल, किंवा प्रश्न तंबाखूचा असेल, तेथें हा हप्त्यांचा हिशोब लावूं नये.

आतां हा नियम आपल्या पानावर लावून पाहूं. आपल्या पारंपरिक पानाची मांडणी मोठी शहाणपणाची आहे: मध्यें भात, डाव्या बाजूस लिंबू, चटणी आणि कोशिंबीर, उजव्या बाजूस भाजी, उसळ, आमटी. व्यवहारांत मात्र डावी बाजू बोटाएवढी, उजवी मुठीएवढी आणि मधला भाग डोंगराएवढा, असें झालें आहे. सकाळीं पोहे, दुपारीं पोळी आणि भात, चार वाजतां बिस्किटें किंवा चिवडा, रात्रीं पुन्हां पोळी किंवा खिचडी, म्हणजे दिवसभर वेष बदलून धान्यच पोटांत जातें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं ज्या आहारविषयक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांप्रमाणें दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकीं धान्यांचा वांटा ४५ टक्क्यांहून अधिक नसावा. आपल्या घरांत तो किती असेल हें ज्यानें त्यानें आपल्या ताटाकडे पाहून ठरवावें.

चार पोळ्या खाणारानें पहिल्या पंधरवड्यांत तीन कराव्यात आणि चौथीच्या जागीं चमचाभर असलेली कोशिंबीर वाटीभर करावी. दुसऱ्या पंधरवड्यांत भाताची मूद पाव हिश्शानें लहान करून मटकीची, मुगाची किंवा चवळीची उसळ तितकी वाढवावी. भात वर्ज्य नाहीं. भाताचा डोंगर वर्ज्य आहे. जेवणाच्या आरंभीं कोशिंबीर आणि उसळ खाऊन पोळी-भात मागाहून खाल्ल्यास रक्तांतील साखर एकदम चढत नाहीं, असेंही आतां आढळून आलें आहे. म्हणजे नवीन पदार्थ आणावयाचा नाहीं, परदेशी धान्य आणावयाचें नाहीं. आजीनें शिकविलेलेंच पान थोडें कडेकडून भरावयाचें आहे. वाग्भटानें पोटाचेही चार भाग कल्पिले: दोन अन्नाचे, एक पाण्याचा आणि चौथा रिकामा. तो चौथा भागही एक पावलीच. आणि बहुधा तीच आपण आधीं खर्चून टाकतों.

गृहिणीच्या मासिक हिशोबांत बसतील असे तीन आंकडे येथें देतों. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें माणशी दिवसास मीठ ५ ग्रॅमहून कमी असावें. आठ माणसांच्या घरांत हें तीस दिवसांचें १२०० ग्रॅम झालें. आणि त्यांत लोणचें, पापड, फरसाण यांतलें मीठही आलें. किलोच्या दोन पिशव्या महिना संपण्याआधींच रित्या होत असतील, तर खारट कोणतें हें चाखून पाहण्याची गरज नाहीं. वरून घातलेली साखर दिवसास सुमारें २५ ग्रॅमच्या आंत राखावी असें तीच संघटना सुचविते. चहाचे लहान सहा चमचे म्हणजे जवळजवळ तेवढीच साखर. दोन चमच्यांचा चहा तीनदां घेणाराची दिवसाची शिल्लक चहांतच संपली. श्रीखंडाचें, शिऱ्याचें आणि बिस्किटांचें सारें कर्ज. तिसरा आंकडा भाजीपाला व फळें मिळून माणशी निदान ४०० ग्रॅमचा. आठ जणांना दिवसाचे तीन किलोंहून अधिक झाले. घरीं येणाऱ्या पिशवीचें वजन एकदां करून पाहावें; पुष्कळांस आश्चर्य वाटेल.

पानाइतकीच आपली आतिथ्याची रीतही तपासून पाहिली पाहिजे. आग्रह हा आपल्या पंगतीचा अलंकार खरा. परंतु मधुमेही पाहुण्यास तिसरी पुरणपोळी वाढून 'एकानें काय होतें' असें म्हणणारा यजमान त्याचा हितचिंतक म्हणतां येणार नाहीं. आग्रह करावयाचाच तर ताकाचा आणि कोशिंबिरीचा करावा. उपवासाचीही तीच गोष्ट. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट पदार्थ; त्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस आणि वर गोड दही, असा थाट असला म्हणजे एकादशीला दुप्पट खाशी ही म्हण सार्थ होते. उपवास सोडावा असें आम्ही म्हणत नाहीं. साबुदाण्याची एक पावली काढून तेथें फळ, ताक किंवा राजगिरा ठेवावा. देव रागावणार नाहीं.

आतां व्यायामाकडे वळूं. येथेंही आरंभशूरतेचा रोग तोच: पहिल्या दिवशीं अंग मोडेपर्यंत कसरत आणि तिसऱ्या दिवशीं अंगदुखीची रजा. आयुर्वेदानें यावर घातलेली मर्यादा अर्ध्या शक्तीची आहे. बलवान् आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या मनुष्यानेंही थंडींत व वसंतांत अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम करावा आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी, असें वाग्भट सांगतो. अति व्यायाम करणारा हत्तीस ओढूं पाहणाऱ्या सिंहाप्रमाणें नाश पावतो, ही उपमाही त्याचीच. अर्धी शक्ति ओळखावी कशी, याची खूण सुश्रुतानें दिली आहे: श्वास तोंडावाटे येऊं लागला, कीं अर्धें बळ खर्ची पडलें. आजचे डॉक्टर असेंच एक साधें माप सांगतात, कीं चालतांना बोलतां यावें, परंतु गाणें म्हणतां येऊं नये. तो मध्यम व्यायाम. दोन सहस्र वर्षांच्या अंतरानें माप मिळतें-जुळतें आलें, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं सांगितलेला मध्यम व्यायाम आठवड्यास निदान १५० मिनिटांचा आहे. सातांनीं भागल्यास रोजचीं पुरतीं बावीस मिनिटेंही होत नाहींत. त्याशिवाय आठवड्यांतून दोन दिवस स्नायूंस बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. पासष्टीच्या पुढच्यांनीं तर तोल सांभाळण्याचा आणि बळाचा व्यायाम तीन दिवस करावा, कारण त्या वयांत एक पडणें पुष्कळदां सगळ्या घराला अंथरुणाशीं बांधून टाकतें. हातांचा आधार न घेतां खुर्चीवरून दहादां उठणें, भिंतीजवळ एका पायावर थोडा वेळ उभें राहणें, यांस ना वर्गणी लागते ना बूट.

जेवणानंतरची शतपावली ही आपली जुनी चाल आहे. तिचा हिशोब एकदां मांडून पाहावा. बऱ्यापैकीं चालीनें मिनिटास शंभर पावलें पडतात. म्हणजे शतपावली एका मिनिटांत आटोपते! तिला नांव शतपावलीचेंच ठेवून दहा मिनिटें चालावें. जेवणानंतर असें चालल्यानें रक्तांतील साखरेची चढती कमान खालीं येते. दुपारीं दहा आणि रात्रीं दहा मिनिटें झालीं, तर आठवड्याचीं १४० मिनिटें भरलीं. चाल मात्र रेंगाळण्याची नसावी. उरलेलीं दहा मिनिटें मंडईपर्यंत पायीं जाण्यांत निघतात.

दीर्घकाळ टिकलेल्या नेमाचें उदाहरण महाराष्ट्रांतच पाहावयाचें, तर औंध संस्थानचे अधिपति भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि (१८६८-१९५१) यांचें आहे. आरंभीं त्यांनीं सँडोच्या पाश्चात्य पद्धतीचा व्यायाम केला. पुढें सूर्यनमस्कार धरले आणि ते वृद्धपणापर्यंत सोडले नाहींत. संस्थानच्या शाळांतून त्यांनीं नमस्कार सुरू केले, त्यांवर ग्रंथ लिहिला, आणि १९३८ सालीं लंडनमध्यें त्यांच्या पद्धतीवरील इंग्रजी पुस्तकही निघालें. त्यांच्या कुटुंबांतील स्त्रियाही नमस्कार घालीत, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतों. राजास साधनांची वाण नव्हती. तरी त्यांनीं जो व्यायाम धरला, त्यास साडेतीन हात जमिनीखेरीज कांहीं लागत नाहीं. नेम टिकण्याचीं कारणें यांतच दिसतात: वेळ सूर्यानें ठरवून दिलेली, संख्या मोजतां येणारी, साधन बरोबर बाळगावें न लागणारें आणि सारें घर सामील. नवशिक्यानें पहिल्या आठवड्यांत तीन नमस्कार घालावेत आणि दर आठवड्यास एक वाढवावा. दहाव्या आठवड्यांत बारा होतील. रक्तदाब, हर्निया, पाठीच्या मणक्यांचा विकार असणारांनीं आणि गरोदर स्त्रियांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें.

सवय जडावयास किती दिवस लागतात, याविषयीं एकवीस दिवसांचें एक मत लोकांत रूढ आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संशोधकांनीं ९६ स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगाचा वृत्तान्त २००९ सालीं प्रसिद्ध झाला, तो वाचण्याजोगा आहे. प्रत्येकानें खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकच लहान गोष्ट निवडून ती रोज एका ठरलेल्या प्रसंगाशीं जोडून करावयाची होती. सवय अंगवळणीं पडण्यास लागलेल्या दिवसांचा मध्य ६६ निघाला. परंतु कोणास १८ दिवस पुरले, तर कोणास २५४ लागतील असा अंदाज आला. पाण्याचा पेला पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर जडली, व्यायाम उशीरा. आणि सर्वांत महत्त्वाचें हें, कीं एखादा दिवस चुकल्यानें सवय जडण्यांत म्हणण्यासारखा खंड पडला नाहीं.

या प्रयोगांतून तीन धडे घ्यावेत. पहिला, घाई करूं नये; दोन महिन्यांत कंटाळा आला तर बी उगवण्याआधींच माती उकरल्यासारखें होईल. दुसरा, नवा नेम जुन्या नेमाच्या खुंटीस बांधावा. 'वेळ मिळाला कीं चालेन' यांतला वेळ कधींच मिळत नाहीं; 'देवाजवळ दिवा लावला कीं चप्पल पायांत' यांत विचारास जागाच उरत नाहीं, आणि विचारास जागा मिळाली कीं आळसास मिळते. तिसरा धडा चुकलेल्या दिवसाचा. नेम एका दिवसानें मोडत नाहीं. 'आतां मोडलाच आहे' असें म्हटल्यानें मोडतो. शाळेंत हजेरीपट भरतांना आम्हांस नेहमीं असें दिसे, कीं एक दिवस गैरहजर राहणारा विद्यार्थी वर्गांत टिकतो. दुसऱ्या दिवशीं येण्याची लाज वाटून जो घरीं राहतो, तो मागें पडतो. घरांतल्या दिनदर्शिकेवर सगळ्यांची अशीच हजेरी मांडावी. वजनाचा कांटा रोज पाहूं नये; तो सावकाश बोलणारा साक्षीदार आहे. हजेरी मात्र रोज बोलते.

येथपर्यंतचा उपदेश एकट्या माणसास पुरेसा आहे. परंतु आमचा वाचक बहुधा एकटा नसतो. तो सात-आठ माणसांच्या घरांत राहतो, आणि त्याच्या ताटाची किल्ली दुसऱ्याच कोणाच्या हातीं असते. आमच्या परिचयांतील एका कुटुंबांत चौसष्ट वर्षांच्या कर्त्या पुरुषास मधुमेह निघाला. त्यांच्यासाठीं वेगळी भाकरी, वेगळी भाजी, बिनसाखरेचा वेगळा चहा सुरू झाला. हें सारें करी थोरली सून. ती बँकेंत नोकरीस. पहाटे अर्धा तास आधीं तिचा दिवस सुरू होऊं लागला. सासरे पथ्यावर, सून दमलेली, बाकीचीं पूर्ववत् श्रीखंडावर! सहाव्या आठवड्यांत सासरे नातवाच्या ताटांतले बटाटेवडे उचलूं लागले, कारण पथ्याचें ताट त्यांना शिक्षेसारखें वाटूं लागलें होतें. तेव्हां सूनबाई शांतपणें म्हणाली, "बाबा, तुमचें ताट यापुढें वेगळें होणार नाहीं. आम्हीच सगळीं तुमच्या ताटाला येतों. पण भाजी निवडून-चिरून ठेवण्याचें काम तुमचें."

सासऱ्यांनीं तें मानलें, हा त्यांचा मोठेपणा. आज त्या घरांत सगळ्यांच्या पानांत वाटीभर कोशिंबीर असते, चहांत साखर एक चमचा असते, आणि संध्याकाळीं आजोबा विळीसमोर नव्हे, तर टेबलाशीं सुरी घेऊन बसलेले दिसतात. त्यांचीं औषधें डॉक्टरांच्या सल्ल्यानें चालूच आहेत. आहारानें औषध सुटलें अशी चमत्काराची कथा आम्ही सांगत नाहीं. परंतु दीड वर्ष झालें, नेम मोडलेला नाहीं. आणि त्या चिरलेल्या भाजीनें सूनबाईस जो अर्धा तास मिळाला, त्यांत ती चालून येते. पूर्वी तिला कोणी चालावयास जा म्हटलें नव्हतें, असें नाहीं, सगळेच म्हणत. वेळ मात्र कोणी दिला नव्हता.

हाच आमच्या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. 'घरांत इतकें काम असतें, तिला वेगळ्या व्यायामाची गरज काय,' हा युक्तिवाद आम्ही सुशिक्षितांच्या तोंडून वारंवार ऐकतों. घरकाम ही शरीराची हालचाल आहे, हें खरें. परंतु ओट्याशीं दोन तास ताटकळत उभें राहणें म्हणजे दमणें, बळ मिळविणें नव्हे. शिवाय त्या कामांत तिचें मन मोकळें नसतें. एक कान कुकरकडे आणि एक दारावरच्या घंटेकडे. सगळ्यांच्या मागून जेवावयाचें आणि अन्न वायां जाऊं नये म्हणून उरलेलें संपवावयाचें, ही जी रीत अजूनही अनेक घरांत चालूं आहे, तिचें पर्यवसान तिच्याच वजनांत आणि तिच्याच गुडघ्यांत होतें. उरलेलें अन्न झांकून ठेवण्यास आतां घरोघरीं शीतकपाट आहे. गृहिणीचें पोट हें त्यासाठीं नाहीं. ज्या घरांत सासरे रोज तासभर फिरावयास जातात, मुलगा व्यायामशाळेंत जातो, नातू क्रीडांगणावर जातो आणि सून तेवढी घरीं राहते, त्या घरास व्यायामाचें वळण लागलें असें आम्ही म्हणणार नाहीं. तिघांचा व्यायाम चौथीच्या वेळेंतून काढला, एवढाच त्याचा अर्थ.

आणि हें केवळ न्यायाचें बोलणें नाहीं, व्यवहाराचेंही आहे. ताटांतली पावली बदलणारा हात तिचा आहे. तो हात दमलेला आणि रागावलेला असेल, तर राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सूचना भिंतीवर लावूनही उसळ भिजत पडणार नाहीं. उलट जी स्वतः चालून आली, जिला स्वतःच्या अंगीं हलकेपणा जाणवला, ती घराचें पान आपणहून सुधारते. नातवंडें तर उपदेश ऐकतच नाहींत, तीं पाहतात. आजोबांनीं गाजर किसलेलें आणि आईनें बूट घातलेले त्यांनीं रोज पाहिले, तर त्यांस वेगळी शिकवण द्यावी लागणार नाहीं.

म्हणून येत्या रविवारीं रात्रीचें जेवण झाल्यावर घरांतल्या सर्वांनीं एकत्र बसून दोनच ठराव करावेत. एक, सगळ्यांच्या ताटांतली कोणती एक पावली बदलावयाची. एकच, दुसरी पंधरा दिवसांनीं. दुसरा, घरांत स्वयंपाक करणाऱ्या बाईस रोज कोणता अर्धा तास मोकळा, आणि त्या अर्ध्या तासांत तिचें कोणतें काम कोण करणार. तें नांवानिशीं लिहून दिनदर्शिकेजवळ लावावें. 'सगळे मिळून करूं' असें लिहूं नये, कारण सगळ्यांचें काम तें कोणाचेंच नसतें. ठराव दोनच असावेत. तिसरा सुचला तर तो पुढच्या महिन्यासाठीं राखून ठेवावा. घरचा पहिला अर्धा तास तिचा ठरला, म्हणजे बाकीच्यांचा आपोआप सांपडेल.